देवघरातला घोडेस्वार

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
अणदूर, १ डिसेंबर २०२३

चि. वर्षाराणीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी पिशवी एसटीच्या कंडक्टरनं पोचवली. दोन चादरी, रिकामा डबा, तुटकी चप्पल. त्याला चहापाण्याला वीस रुपये दिले. चप्पल तिथंच परंड्यात शिवली असती तर दहांत भागलं असतं. असो.

वसतिगृहात फोन चालत नाही म्हणून लिहिते. चंपाषष्ठीसाठी देव उजळायला काढले, तर खंडोबाचा चांदीचा टाक जागेवर नाही. देवाची भांडी धुरपताबाई घासते, म्हणून आजींनी भर गल्लीत तिलाच चोर म्हटलं. हातातलं ताम्हण ठेवून ती गेली, ती फिरकली नाही. आता दुसऱ्या घरच्या बायकाही तिला कामाला बोलवायला कचरतात.

दिवाळीत तू इतिहासाच्या वर्गासाठी जुन्या वस्तू मागत होतीस. मी अडकित्ता दिला. आणखी काही नेलंस का? भवानीची शपथ आहे, खरं लिही.

वेळेवर जेव. माया आहेच.
तुझी आई, अयोध्या


परंडा, ५ डिसेंबर

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

टाक मीच आणलाय. पाया पडते, आजीला सांगू नकोस.

दिवाळीआधी मॅडमनी पहिलं महायुद्ध शिकवताना एका पदकाचं चित्र दाखवलं. घोडेस्वार, हातात तलवार, हुबेहूब आपला खंडोबा! विचारलं असतं तर कुणी हात लावू दिला नसता, म्हणून गुपचूप उचलला. इथं भिंगातून पाहिलं. झिजलेल्या बाजूला इंग्लंडच्या राजाचा चेहरा आहे, आणि कडेला इंग्रजीत नाव आहे, उत्तरेश्वर. म्हणजे आजीचे आजेसासरे, लामावर, म्हणजे लढाईवर, इराकात बसऱ्याला गेले आणि परत आलेच नाहीत ते. मॅडम म्हणाल्या, लढाईनंतर सरकार शिपायांच्या घरी अशी पदकं धाडायचं. घोडा बघून घरच्यांनी ते देवात बसवलं असणार.

शंभर वर्षं राजाला भंडारा वाहिला हे आजीला कसं सोसेल? धुरपतामावशीवरचा आळ तर जायलाच हवा. टाक पाठवून देते, कपाटामागं सापडला असं सांग ना.

रागावलीस तरी आपलीच समज.
वर्षाराणी


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
अणदूर, ९ डिसेंबर

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

सापडला म्हटलं असतं, तर धुरपताबाईनंच भिऊन परत ठेवला असं लोक म्हणाले असते. म्हणून तुझं पत्र आजींना वाचून दाखवलं.

त्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. मग म्हणाल्या, राजाचं तोंड त्यांच्या सासूनं चिंचेनं घासून घासून कधीच उडवलंय, आता उरलाय तो आपला माणूस. अन् काठी घेऊन तडक धुरपताबाईच्या दारात. मी मागं.

धुरपताबाई बसल्या जागची हलली नाही. म्हणाली, भर गल्लीत वरडून चोर केलंत, आता दारात कुजबुजून साव करू नका, आमाला न्हाय चालायचं. आजी खाली मान घालून परतल्या. मला लई भ्या वाटलं, पण त्या रागावल्या नाहीत. ती बरोबर बोलली म्हणाल्या.

तेव्हा चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, १७ तारखेच्या रविवारी टाक घेऊन ये. आधी आपल्या घरी येऊ नको. थेट तिच्या दारात जा, गल्लीतल्या बायका बोलाव, त्यांच्यादेखत मोठ्यानं कबूल हो आणि टाक तिच्या हातात दे. आजी तो तिच्याच हातून घेणार. तिनं नाही आणून दिला, तर औंदा चंपाषष्ठीला घरात खंडोबाची तळी भरायची नाही म्हणतात.

कोणत्या गाडीनं निघतेस ते उलट टपाली कळव.

तुझी आई