ब गटाला काहीही द्यायचं नाही

१७ जून
नवी वही. मागची बायकोने वाचली. तीत तिच्या भावाबद्दल चार ओळी होत्या. चारच. तरी आठ दिवस ती माझ्याशी चिठ्ठ्या लिहून बोलत होती. म्हणून ही वही शाळेतच राहणार. वाचन-खोलीतल्या कपाटात, जुन्या वार्षिक अहवालांच्या मागे. अकरा वर्षांत ते कपाट कुणी उघडलेलं माझ्या पाहण्यात नाही. वाचनालयाइतकी गुप्त जागा आमच्या शाळेत दुसरी नाही.
संकल्प: १) पहाटे पाचला उठणे. २) शाळा भरण्याआधी मैदानाला दहा फेऱ्या. ३) चहात साखर बंद. ४) प्रबंध सप्टेंबरअखेर हातावेगळा.
प्रबंधाचा विषय: 'वाचन-भरारी' उपक्रमामुळे तिसरीतल्या मुलांचे चाचणीतले गुण वाढतात का? उपक्रम माझाच असल्यामुळे उत्तर मला माहीत आहे, म्हणून मी 'का' काढून टाकला होता. मार्गदर्शक सरांनी तो परत घालायला लावला. जुनी माणसं.
गुण वाढले की भरारी विभागातल्या सगळ्या शाळांत जाणार आणि मी प्रशिक्षण कार्यालयात. तिथे फिरती खुर्ची असते. घंटा नसते.

१८ जून
सव्वाआठला उठलो. गजर पाचला झाला असावा.

२७ जून
पूर्वचाचणी आटोपली. चाळीसपैकी गुण. माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं. चौदा अ गटात, त्यांना भरारी मिळणार. चौदा ब गटात, म्हणजे कंट्रोल ग्रुप. त्यांना काही म्हणजे काहीही द्यायचं नाही. मग दोघांची तुलना.
गट चिठ्ठ्या टाकूनच पाडायचे असा नियम आहे. टाकल्या. गुळणी अ गटात आली. (खरं नाव वेगळं. सदानकदा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसते म्हणून मी मनात तिला गुळणी म्हणतो.) पूर्वचाचणीत तिला तीन मिळाले, तेही पेपरवर नाव लिहिलं म्हणून. चिठ्ठ्या नीट मिसळल्या नसाव्यात. परत टाकल्या. परत अ. तिसऱ्यांदा ब गटात गेली, तेव्हा मिसळल्यासारख्या वाटल्या.
ही मुलगी सरासरी पाडणार. तिला जन्मात वाचता येईल असं मला वाटत नाही. असं लिहायला बरं वाटत नाही, पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही हा माझा बाणा आहे.

३० जून
महत्त्वाची खबरदारी. रोज चौथ्या तासाला अ गट माझ्यासोबत वर्गात, ब गट वाचन-खोलीत. लक्ष ठेवायला मावशी. (घंटा देतात, चहा करतात, स्वतःला अक्षर येत नाही. म्हणूनच निवडल्या.)
पण त्या खोलीत गोष्टीची पुस्तकं आहेत! ब गटाने चुकून एखादं वाचलं तर प्रयोगाची वाट लागेल. मधल्या सुट्टीत सगळी पुस्तकं उचलून मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत कुलूपबंद केली. नकाशे काढले. भिंतीवरचे सुविचारसुद्धा काढले. आता खोलीत वाचण्याजोगं काहीही उरलेलं नाही, वार्षिक अहवाल सोडून, आणि ते वाचण्याजोगे नाहीत.
मार्गदर्शक सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी 'सुविचारसुद्धा?' असं दोनदा विचारलं. भारावले असावेत.

४ जुलै
भरारीचा शुभारंभ. साठ कार्डं, सगळी मीच लिहिली, लॅमिनेट केली. आजचं कार्ड: 'पाण्याचे महत्त्व, भाग एक'. उद्या भाग दोन. भाग सात आहेत. मी स्टॉपवॉच लावतो, मूल कार्ड वाचतं आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण करतं. ही खुणेची कल्पना माझीच. मुलांना तिचं वेड लागलं आहे. ब गटातलीसुद्धा विचारत होती, आम्हाला खूण करायला काही नाही का? म्हटलं, नाही. तुम्ही नुसतं बसायचं, तेच तुमचं योगदान.

१२ जुलै
आजपासून साखर बंद. नक्की. कुणालाही सांगायचं नाही, करून दाखवायचं.

१४ जुलै
चमत्कार. मावशींनी आपण होऊन बिनसाखरेचा चहा आणला. माणसाच्या निश्चयाचं तेज असं आसपास पसरतं. (शिक्षक-खोलीतल्या डब्यातून दोन चमचे घालून घेतली. एकदम बंद करणं प्रकृतीला बरं नव्हे.)

२२ जुलै
हजेरी तपासली. ब गट: गैरहजेरी शून्य. चौथ्या तासाची घंटा झाली की धावत सुटतात. मावशींची शिस्त मानली पाहिजे. अ गटात मात्र चौथ्या तासाला पोटदुखीची साथ आहे. आज तिघांना. एकाने तर सरळ विचारलं की मला ब गटात घालता का. म्हटलं, अरे, तिथे काही नसतं. तो म्हणाला, हो, माहितीये, आणि खिडकीकडे बघत बसला. भरारीची भीती वाटते पोरांना. उंची गाठायची म्हटलं की असं होतंच.
वाचन-खोलीवरून जाताना आतून हसण्याचा मोठा आवाज. मी दार उघडताच सगळे चिडीचूप. हात मांडीवर. मावशी डोळे पुसत होत्या. धुळीचा त्रास असेल.

५ ऑगस्ट
केसांना कलप लावायचं ठरवलं. प्रशिक्षण कार्यालयात छाप पडायला हवी. कुणाच्या लक्षात येणार नाही अशी तपकिरी छटा घेतली आहे.

७ ऑगस्ट
कलप लावून आलो. शिक्षक-खोलीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. ब गट मात्र प्रार्थनेच्या वेळी पूर्णवेळ माझ्या डोक्याकडे बघत होता. एकजण शेजारच्याला म्हणाला, 'लावला.' मुलांची निरीक्षणशक्ती चांगली आहे, पण वाचनाच्या अभावी वाया जाणार.
आणखी एक. मैदानाला फेऱ्या मारत होतो. दुसऱ्या फेरीला दम लागला म्हणून बुटाची नाडी बांधायला बसलो, तर पायऱ्यांवर ब गटातली तीन मुलं. एक म्हणाला, 'सर, आठ राहिल्या.' मी शाबासकी दिली. दहातून दोन गेले आठ, हे तोंडी करतो म्हणजे गणित पक्कं आहे.

१९ ऑगस्ट
या वहीचा कागद सदोष आहे. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक बारीक रेघा उमटल्या आहेत. दुकानदाराला सुनावायचं.
आज एक नवल घडलं. गुळणी आपणहून टेबलाशी आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलली. 'सर, सरासरी पाडणे म्हणजे काय?' तिसरीत सरासरी नसते. पण शिक्षक म्हणून मी प्रश्न कधी टाळत नाही. फळ्यावर समजावलं. समज चार मुलांना तीस तीस गुण आहेत आणि एकाला तीन, तर त्या एकामुळे सगळ्यांचा आकडा कसा खाली येतो बघ. ती बराच वेळ त्या तीनकडे बघत राहिली. कळलं का विचारलं. मान हलवली. काही कळलेलं नसणार, पण मी छान समजावलं.

२ सप्टेंबर
प्रबंध जवळपास पूर्ण. मुखपृष्ठ, ऋणनिर्देश आणि निष्कर्ष लिहून झाले. फक्त गुण यायचे आहेत. ऋणनिर्देशात ब गटाचाही उल्लेख केला: 'ज्यांनी काहीही न करता मोलाची साथ दिली.'
बायको म्हणाली, निकालाआधी निष्कर्ष कसा लिहिला? तिला संशोधन कळत नाही.

१२ सप्टेंबर
उत्तरचाचणी. पक्षपात नको म्हणून बाहेरच्या शाळेतल्या एक निवृत्त बाई तपासायला बोलावल्या. लेखी झाली, मग तोंडी वाचन. गुळणी आत गेली आणि बाहेरच येईना. शेवटी मी डोकावलो. बाई म्हणाल्या, थांबा हो, उतारा संपवून पुढचं विचारतेय ती. काहीतरी गैरसमज झालेला दिसतो.

१५ सप्टेंबर
गुण आले.
अ गट: पूर्वी सरासरी एकोणीस, आता वीस.
ब गट: पूर्वी सतरा, आता एकोणतीस.
गुळणी: पूर्वी तीन, आता सव्वीस.
कागद उलटा धरून पाहिला. अ आणि ब या अक्षरांची अदलाबदल झाली असणार. म्हणजे झाली नसेल तरी होऊ शकते. फक्त दोन अक्षरं. पेन हातात घेतलं होतं. मग गुळणीचे सव्वीस दिसले आणि पेन खाली ठेवलं. का ते सांगता येत नाही.
मुख्याध्यापिका बाईंना कळलंच. त्यांनी विचारलं, ब गटाला नक्की काय दिलं होतं? म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, 'मग ते काहीच नाही सोमवारपासून सगळ्या शाळेत सुरू करा.'

१६ सप्टेंबर, दुपार
मावशींना गाठलं. म्हटलं, खरं सांगा, त्या तासाला पोरं काय करायची? मावशींनी सरळ सांगून टाकलं. नुसतं बसून मुलं कंटाळायची, म्हणून त्यांनी कपाट उघडू दिलं. अहवालांमागे एक वही मिळाली. मुलं आळीपाळीने मोठ्याने वाचायची, त्या ऐकायच्या. दर दोन-चार दिवसांनी त्या वहीत नवीन मजकूर यायचा. शाळेनेच ठेवलेली गोष्ट असेल असं त्यांना वाटलं. गुळणीला पहिल्यांदा वाचता येत नव्हतं, पण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय तिला राहवेना, मग एकेक अक्षर लावत बसायची.
साखरेचं विचारलं. त्या म्हणाल्या, पोरांनीच सांगितलं, सरांना साखर देऊ नका. का ते मी मावशींना विचारलं नाही.
शेवटी मी विचारलं, गोष्ट कशी होती?
'मजेशीर. त्यातला माणूस सारखं काहीतरी ठरवतो आणि काही करत नाही. पण मनाने वाईट नाही हो तो. फक्त एक पान वाईट होतं.'
वही घेऊन खिडकीशी बसलो. कोपऱ्यातल्या त्या रेघा कागदाचा दोष नाहीत. बरोबरच्या खुणा आहेत. सुरुवातीला पानाला तेरा, ऑगस्टपासून चौदा. सत्तावीस जूनचं पान काढलं. तेरा खुणा पुसट झालेल्या. चौदावी ताजी, दाबून केलेली, कागदाला भोक पडेल इतकी.
मला लाज वाटली. आजपर्यंत वाटली असं मी बऱ्याचदा लिहिलं असेल, पण वाटली ती आज.

१७ सप्टेंबर
आज अक्षर मोठं काढतो आहे आणि ओळ सोडून लिहितो आहे.
सत्तावीस जूनला मी जे लिहिलं ते चूक होतं. चिठ्ठ्या तीनदा टाकल्या, तीही लबाडी होती. तू सरासरी पाडली नाहीस. वर नेलीस. सरासरी माझ्या कार्डांनी पाडली. मला समोर येऊन हे बोलता आलं नसतं, म्हणून इथे लिहितो. माझं चुकलं.
निष्कर्षाचं प्रकरण फाडून टाकलं. मार्गदर्शक सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते इतके हसले की फोन खाली ठेवून परत उचलावा लागला. म्हणाले, उपक्रम निष्फळ ठरला हाही निष्कर्षच असतो, तसंच लिहा. फिरती खुर्ची गेली.
वही होती तिथेच ठेवतो आहे. पुस्तकंही परत आणून लावली.

१८ सप्टेंबर
कपाट उघडलं. पुस्तकांना कुणी हात लावलेला नाही. कालच्या पानाखाली चौदा खुणा.
मधल्या सुट्टीत गुळणी टेबलाशी आली. (आता हे नाव टाकायला हवं. उद्यापासून.) मी उभाच राहिलो. ती म्हणाली, 'सर, कालचं पान वाचलं.' म्हटलं, बरं. मग स्वतःच्या बुटाकडे बघत म्हणाली, 'पण ते चांगलं नव्हतं. त्यात तुम्ही काहीच ठरवलं नाही.'
उद्या पहाटे पाचला उठायचं. मैदानाला दहा फेऱ्या. साखर बंद. नक्की.