भोंग्यावरचा हात

प्रिय भिंगरे,

डोक्याला सात टाके पडलेत, डावा डोळा सुजून मिटलाय आणि कवळी पुरावा म्हणून पोलिसांकडे जमा आहे. तरी तुझी आजी इतकी खुशीत आहे की कंपाउंडर म्हणाला, आजी, तुम्हाला मार लागलाय की लॉटरी? अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली ती सुटली, त्यात अंगठ्यालाही पट्टी. फोनच केला असता, पण कवळीशिवाय माझं बोलणं म्हणजे नुसता वारा, तुझ्या पवनचक्कीला जोडायच्या लायकीचा. तुझी चिठ्ठी मिळाली. डोळा असा, म्हणून त्या कंपाउंडरकडूनच वाचून घेतली. त्यातल्या दोन गोष्टींवर मला बोलायचंय, पण आधी हाताचं सांग. प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणायची सुई घाल, टोकाची बाजू बाहेर ठेवून. तुझ्या आजोबांचा पाय मोडला होता तेव्हा मी तेच केलं होतं.

तर त्या दिवशी हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत. तू स्टेजवरून तूच लिहिलेला सरकारचा नवा नियम वाचत होतीस. वीज कंपन्यांनी दहा वर्षांत शंभरातली साठ युनिटं उन्हावाऱ्याचीच घ्यायची, नाही घेतली तर दंड, आणि यावर तुमचं म्हणणं सांगा. मला त्यातलं काय डोंबल कळतंय, पण साठ म्हणताना तुझा आवाज जरा म्हणून हलला नाही. मी शेजारणीला कोपर मारून म्हटलं, बघ, नात आहे माझी. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, पॉवर हाऊसच्या कोळशावर वाढली आणि आमच्याच चुली विझवायला आली! आणि पहिली खुर्ची उडाली.

लोखंडी, घडीची. तुझ्या शेजारच्या साहेबांच्या तोंडावर बसली, आणि त्यांचे दात चण्यासारखे टेबलावर सांडले. मग खुर्च्याच खुर्च्या. युनियनचा सेक्रेटरी माईकचा दांडा उपटून वर चढला आणि त्याने तो तुझ्या हातावर घातला. हाड मोडलेलं मला खाली ऐकू आलं, वाळकी काटकी मोडावी तसं. तू टेबलाखाली पडलीस आणि तुझी शुद्ध गेली. त्याने दांडा पुन्हा उचलला, या वेळी डोक्याच्या रोखाने. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तू जाणतेसच, पण कशी चढले कोण जाणे. चढले आणि त्याच्या दंडात दात रोवले. त्याने झटकलं तशी मी इकडे आणि कवळी तिकडे, त्याच्या दंडात! मेला गुरासारखा ओरडत होता. टाके पडलेत त्यालाही, मी विचारून घेतलं, माझ्यापेक्षा दोन जास्त.

पण हसण्यासारखं तेवढंच, पोरी. मागून पंधरावीस जण चढत होते. ओळखीचे, घरी चहा प्यायलेले. त्यातला एक म्हणत होता, संपवा हिला. हे तुला सांगायचं नव्हतं, पण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तेवढ्यात पॉवर हाऊसचा भोंगा झाला. लांब. एक, दोन, तीन.

एक म्हणजे शिफ्ट, तीन म्हणजे बॉयलरवर अपघात, हे तू पाळण्यात शिकलीस. आजोबा गेले तेव्हाही तीनच झाले होते. वाफेची नळी फुटली होती. लोक त्यांचा शर्ट काढायला गेले तर शर्टाबरोबर कातडीही निघून आली, मी उभी होते तिथे. तेव्हापासून तीन भोंगे चाचणीलासुद्धा कोणी वाजवत नाही. प्रत्येकाचं कोणी ना कोणी आत कामावर. तुझ्यावर उगारलेले हात जागच्या जागी खाली आले आणि सगळा हॉल दाराकडे सुटला. त्या दारात शिंपिणीची दोन बोटं गेली, नर्सची बरगडी मोडली, माझं डोकं चौकटीवर फुटलं. तरी धावलो; तुझ्यापाशी हॉलमधला चहावाला बसला होता. बाया रडत धावत होत्या आणि मी एकटी रक्ताने न्हालेली असून मनातून निवांत. कारण आमच्याकडे भोंग्याची साखळी ओढणाऱ्याचा हात ओळखू येतो. ओट्याशी उभ्या राहून आम्ही सांगायचो आज ड्युटीवर कोण आहे ते. आजोबा शेवटी साखळी हळूहळू सोडायचे, भोंगा उसासा टाकत खाली यायचा. या भोंग्यालाही तोच उसासा होता. तसा हात आता एकाचाच उरलाय. तू शुद्धीवर असतीस तर तूही ओळखला असतास. मी म्हणत होते, साखळी ओढतोय म्हणजे जिवंत आहे.

गेटवर पोचलो तर धुराडं आपलं शांत धूर सोडतंय. ना जाळ, ना वाफ. आणि तुझा बाप धडधाकट उभा! माझं डोकंच फिरलं. बापाच्या मरणाचा भोंगा याने सभा उधळायला वाजवला! काठीने झोडपला मी त्याला सगळ्यांसमोर. पाठीवर, खांद्यावर, कानशिलावर. कान फुटून रक्त गळ्यापर्यंत आलं. काठी मोडली तेव्हा उरलेल्या तुकड्याने मारलं. त्याने हात वर केला नाही. एवढंच विचारलं, ती उठली का? मला वाटलं, कोडगेपणाने विचारतोय. म्हणून आणखी दोन घातले.

तुझ्या चिठ्ठीत दोन गोष्टी आहेत. भोंगा वाजवणाऱ्याला सगळ्यात कडक शिक्षा व्हावी अशी तक्रार तू दिलीस, आणि पुन्हा रक्त सांडायला नको म्हणून साठाचे तीस करतेस. आता ऐक. वर्षभर घरात तुझं नाव काढू न देणारा तुझा बाप त्या दिवशी बॉयलरपाशी होता. त्याच चहावाल्याने त्याला फोन केला, तुमच्या मुलीला मारून टाकतायत. हॉल पंधरा मिनिटांवर. पाय वेळेवर पोचले नसते, म्हणून त्याने भोंगा पोचवला. हे मला चहावाल्याने काल सांगितलं. आज सकाळी तुझा बाप आपणहून पोलीस ठाण्यात जाऊन कबूल झाला. आधी शिंपिणीच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. पोलिसांना त्याने कारण सांगितलं नाही, आणि तुला सांगू नको म्हणून मला शपथ घातली. तुझा साठ त्याला अजून पटत नाही, ठाण्याच्या वाटेवरसुद्धा साठाला शिव्याच देत होता. पण तीसचं ऐकल्यावर म्हणाला, मार खाऊन आकडा उतरवला तर ती माझी पोरगी नव्हे. तक्रार मागे घेऊ नकोस, शिंपिणीची बोटं परत येत नाहीत. शपथ मी मोडली, त्याचं पाप माझ्या डोक्यावर, सात टाक्यांत आठवा. फक्त त्याला भेटून ये. डावा कान मी फोडलाय, तेव्हा जे काय बोलायचं ते त्याच्या उजव्या बाजूला बसून बोल.

तुझीच,
बोळकी आजी