दशक्रियेच्या फ्लेक्सवरची गोरी आई

आई, पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी मेंढपाळांचे फोटो मागितलेत. काय दिवस आलेत बघ! मेंढरांमागची माणसं आता शहरात भिंतीवर लावतात. त्यांना साधी जेपेग नको. त्यात फाईल दाबून लहान करताना फोटोतलं बारीकसारीक निघून जातं. कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाईलवरून न दाबलेली, भलीमोठी टिफ करून द्या म्हणाले. म्हणून आज स्टुडिओत जुनी हार्ड डिस्क लावली आणि तू समोर आलीस.

येडगाव धरणाच्या वरच्या अंगाला एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती, शेताला खत व्हावं म्हणून. मी नवा कॅमेरा घेऊन आलोय. तू कोकरू मांडीवर घेऊन बसलीयस. "आरं थांब की, तोंड तरी धुऊन येते. लई काळी दिसंन मी." मी म्हणतोय, "जशी हायेस तशीच बस." तू पदरानं नुसतं कपाळ पुसलंस आणि हसलीस. स्क्रीनवर सगळं जसंच्या तसं आहे. कपाळावरचं हिरवं गोंदण, मिश्रीनं काळे पडलेले दात, उन्हानं रापलेला गळा. रॉ फाईल अशीच असते, वरून कितीही रंगरंगोटी करा, मूळ फोटोला धक्का लागत नाही.

रंगरंगोटी मीच केली होती. तू गेलीस तेव्हा स्टुडिओ नुकताच टाकलेला. दशक्रियेला गिऱ्हाईकं येणार, सासुरवाडीची मंडळी येणार. याच फोटोतून तुझा चेहरा कापला, गोरा केला, गोंदण पुसलं, हसरे ओठ मिटवले. आपल्याकडचे स्टुडिओवाले पैठणीतलं, गळाभर दागिन्यांचं एक तयार धड ठेवतात, त्याच्यावर तो चेहरा बसवला. चौकात फ्लेक्स लागला. मावशी त्याच्यापुढं उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "ही कुणाची बाई म्हनायची?" मी तिच्यावरच खेकसलो, "तुला काय कळतंय त्यातलं!" तोच फोटो आज घरात हार घालून लावलाय. लाज वाटते गं. तेव्हा मेंढरांची लाज वाटली म्हणून तुला झाकलं, आणि आता त्यांना भाव आला म्हणून बाहेर काढतोय. तुझ्या तोंडावर हे कधी बोललो नसतो, म्हणून लिहितोय.

टिफ होत होती, तेवढ्यात लेक डबा घेऊन आली. तू गेल्यावर जन्मलेली ती, तिला भिंतीवरचीच आजी ठाऊक. स्क्रीनकडं बघतच राहिली. "पप्पा, कोण ह्या? कसलं भारी हसतात!" सांगायचंच होतं मला. तोंडातून निघालं, "येडगावकडच्या आहेत कुणीतरी." ती आणखी जवळ गेली, तुझ्या डोळ्यांकडं बघत म्हणाली, "आपली आजी हसायची का हो अशी?"

मी म्हणालो, आठवत नाही.