काचेमागचं दुपटं

विनोना, मिनेसोटा
रविवार, १४ जानेवारी २०२४

प्रिय ॲगी,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. इथे अंगणातल्या टपालपेटीच्या गळ्यापर्यंत बर्फ साचलाय. तुमच्या सिॲटलला पाऊसच असेल. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहून कळव, असं तू म्हटलंस. म्हणून लिहिते आहे. मठातल्या सिस्टर हिल्डेगार्डनी घटवून घेतलेलं अक्षर अजून शाबूत आहे, एवढं तरी तुला दिसेल.

बातमी अशी की मी पुन्हा शाळेत जाते. पगारी नव्हे, आठवड्यातून तीन दिवस. हौगेन कुटुंबाने कोलंबियाहून दोन बहिणी दत्तक घेतल्यात. युलियाना नऊ वर्षांची, दाइरा सहाची. ऑक्टोबरात आल्या. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "लोरेटा, तेवीस वर्षं तुम्ही आमचं ग्रंथालय सांभाळलंत, आणि घरीही एक मूल परदेशातून आणून वाढवलंत. तुमच्याइतकं यातलं कोणाला कळतं?" मी हो म्हटलं. कोणी असं म्हटलं की मला अजून बरं वाटतं.

ग्रंथालयाच्या मागच्या टेबलाशी आम्ही तिघी बसतो. मी चित्रांची पुस्तकं काढते. युलियाना भराभर शिकते आणि धाकटीच्या वतीनेही तीच बोलते. पहिल्याच दिवशी दाइरा तिच्या कानात काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, तुमच्या अंगाला साबणाचा वास येतो."

"वाईट येतो का?"

"वाईट नाही म्हणाली. नुसता साबणाचा."

दाइराला बर्फातली जाड विजार इतकी आवडली की ती जेवतानाही काढत नाही. तिची आई क्रिस्टिन रडकुंडीला आली आहे. गोरीपान, चटपटीत बाई. तिच्या घरात फरशीवर पडलेलं उचलून खावं इतकी टापटीप. आरेपा, म्हणजे त्यांच्याकडच्या मक्याच्या जाड भाकरी, करायला शिकली. पहिल्या घाण्याबद्दल युलियाना म्हणाली, "ही छान आहे, पण आरेपा नाही." क्रिस्टिन हसली आणि दुसरं पीठ मळायला घेतलं. मला ती आवडते. वेळेवर झोपवते, रागावत नाही, पुस्तकं वाचते. आमच्या वेळी अशी पुस्तकं नव्हती. दत्तक संस्थेची एक बाई होती आणि तिचं टंकलेलं दीड पान.

दाइरा एक ॲप्रन जवळ बाळगते. तिकडे ज्या बाईंनी तिला तीन वर्षं सांभाळलं, त्यांचा. कांदा, तळण आणि धूर, असा सगळा मिळून वास. वर्गातली मुलं नाकं धरतात. तिच्या वर्गशिक्षिका मिसेस टूरविल मला म्हणाल्या, "हो, माझा जीव आहे त्या पोरीवर. पण ते ॲप्रन म्हणजे चालतंबोलतं कांद्याचं पोतं आहे. क्रिस्टिनला जरा सांगा ना तुम्ही." मी सांगेन म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

आता दुपट्याचं. तुला लहानपणी सांभाळणाऱ्या श्रीमती हान हयात आहेत, एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि एप्रिलमध्ये तू त्यांना भेटायला कोरियात देगूला चालली आहेस, हे वाचून मला खरंच आनंद झाला. ज्यात त्या तुला पाठीशी बांधून फिरायच्या ते दुपटं तुला सोबत न्यायचंय, हेही समजलं. पण फ्रेम करणाऱ्याने ते मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलंय गं. काढायला गेलं तर फाटेल. फ्रेमसकट नेता येईल का, ते विमान कंपनीला विचारून ठेव. नाहीतर चांगला फोटो काढून पाठवते. एप्रिलला अजून वेळ आहे.

जपून राहा.

तुझी
आई

* * *

विनोना
सोमवार, १९ फेब्रुवारी

प्रिय ॲगी,

आज शाळेला सुट्टी आहे. सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. कॉफी दोनदा गार झाली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. दुपटं चिकटवलेलं नाही. चारी कोपऱ्यांना मी स्वतः बारीक टाके घालून ते पुठ्ठ्यावर ताणलंय. दोन मिनिटांत निघतं. पत्र पेटीत टाकतानाही मला ते माहीत होतं.

आधी शाळेतलं सांगते, कारण तिथूनच हे सुरू झालं.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मुलींना न्यायला क्रिस्टिन आली. मुली बाहेर बूट चढवत होत्या. माझ्या टेबलावर टेकून ती हळूच म्हणाली, "आज करूनच टाकते हो. ती झोपली की अंगाखालून ॲप्रन काढते, मशीनमध्ये घालते, सकाळपर्यंत वाळवून परत ठेवते. कळणारसुद्धा नाही तिला."

मी म्हटलं, "कळतं."

"अहो, सहा वर्षांची आहे ती."

"माझी साडेतीनची होती."

मग मी तिला सांगितलं. चाळीस वर्षांत कोणालाच असं सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांनासुद्धा नाही. म्हणजे लिओला सगळं माहीत होतं, पण मी सांगायचे तसंच माहीत होतं. तूही ते तसंच ऐकलंस. दर नोव्हेंबरात, तू आमच्या घरी आलीस त्या तारखेला, केकवर मेणबत्त्या लावल्या की मी ती गोष्ट सुरू करायचे. तीन दिवस आमची ॲगी सारखी रडत होती, चौथ्या दिवशी आपलं दुपटं स्वतःच्या हातांनी छान घडी करून तिने माझ्या हातात दिलं, त्यानंतर ती कधी रडली नाही. जणू नन्सनीच वाढवली होती. सगळे हसायचे. तू केकवरचं क्रीम बाजूला काढत बसायचीस.

गोष्ट खोटी नव्हती. मधला तुकडा मी गाळायचे.

तुला आणलं तेव्हा त्या दुपट्याला कोळशाच्या धुराचा, आंबवलेल्या भाजीचा आणि घामाचा वास होता. मिनियापोलिसहून येताना गाडीत लिओने त्या थंडीतही काच खाली केली. संस्थेच्या दीड पानात लिहिलं होतं की मुलासोबत आलेले कपडे टाकून द्यावेत किंवा उकळत्या पाण्यात धुवावेत. मुलाला नव्याने सुरुवात करू द्यावी. मला ते पटलं. माझं सगळं बालपण सिस्टर हिल्डेगार्डच्या धुलाईखान्यात गेलं. वेदीवरची वस्त्रं पांढरीशुभ्र धुवायची, इस्त्री करायची, तीन पदरी घडी घालायची. तिथल्या वाफेचा वास आठवला की मला अजून घरी गेल्यासारखं वाटतं. प्रेम करायचं म्हणजे स्वच्छ धुवायचं, एवढंच मला येत होतं. ही सबब नाही. तेव्हा माझं असं होतं, एवढंच सांगते.

चौथ्या दिवशी सकाळी तू गाढ झोपली होतीस. मी तुझ्या गालाखालून दुपटं ओढून काढलं. तळघरात नेलं, मशीनचं पाणी कढत केलं, साबण घातला, वर थोडं ब्लीचही घातलं. म्हणून ते गुलाबी दिसतं. ते गुलाबी नव्हतं, ॲगी. लाल होतं.

तू एकटी जिना उतरून आलीस. त्या घरात पहिल्यांदाच एकटी खाली आलीस. मला वाटलं रडशील. रडली नाहीस. मशीनला तळहात लावून उभी राहिलीस. ते थांबेपर्यंत, मग ड्रायर थांबेपर्यंत. तास-सव्वा तास झाला असेल. मी खुर्ची दिली, बसली नाहीस. मी ते गरम दुपटं काढून तुझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता खूश होईल.

तू त्यात तोंड खुपसलंस. मग एक कोपरा हुंगलास. मग दुसरा. चारी कोपरे, मग बांधायच्या दोन्ही पट्ट्या, टोकापर्यंत. काही उरलंय का ते बघत होतीस. मग जमिनीवर बसून, मांडीवर घेऊन घडी घातलीस आणि माझ्या हातात दिलीस. दुसऱ्याची वस्तू परत करतात तशी.

लिओला म्हटलं, "बघ, रुळली पोर." तो म्हणाला, "देवाची कृपा." आणि मी फादरांना फोन करून आभाराची प्रार्थना सांगितली.

मला तेव्हा कळलं नव्हतं, असं लिहायला हात पुढे होतो आहे. पण थोडं कळलं होतं. म्हणून तर ते तुझ्या पलंगावर परत ठेवलं नाही. कपाटात ठेवलं, आणि तू सात वर्षांची झाल्यावर काचेमागे घालून जिन्यात लावलं. लोक कौतुक करायचे की मुलीचं मूळ किती जपलंय यांनी.

हे सगळं ऐकून क्रिस्टिन समोरची खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "पुढे काय केलंत तुम्ही?"

"फ्रेम केली," मी म्हटलं.

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

आता आम्ही असं करतो. तोंड दाबलं की घट्ट चिमटा बसणारी प्लास्टिकची पिशवी असते ना, उरलेलं मांस फ्रीझरमध्ये ठेवायची, त्यातल्या मोठ्या पिशवीत ॲप्रन राहतं. शाळेत ती माझ्या टेबलाच्या खणात असते. मी नसते त्या दिवशी मिसेस टूरविलच्या खणात. दाइरा येते, पिशवी उघडते, नाक आत घालते, पुन्हा बंद करते, चिमटा बोटांनी दोनदा तपासते आणि वर्गात जाते. आधी तासाला यायची, आता जेवणाच्या आधी एकदा येते. मिसेस टूरविल म्हणाल्या, "वर्गातला कांदा गेला, पोरगी राहिली. मला चालेल."

गेल्या गुरुवारी बुटाची चेन अडकली म्हणून दाइरा ग्रंथालयात भोकाड पसरून रडली. चांगली वीस मिनिटं. पाय आपटले, मला एक लाथही बसली, दुखऱ्याच गुडघ्यावर. युलियाना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, ती रडतेय आणि तुम्ही हसताय काय?" मी हसत होते खरी. तिला काय सांगणार? मी म्हटलं, "रडू दे तिला. इथे बसून रडते आहे ना, मग झालं."

घरी येताना गाडी नदीकाठी थांबवून बसले. त्या चौथ्या दिवसानंतर आपल्या घरात अशी वीस मिनिटं तू कधी रडली नाहीस. एकदाही नाही. बारावीत हात मोडला तेव्हासुद्धा नाही. आणि मी ते मिरवलं.

आता २०२२च्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचं. जेवण झाल्यावर तू जिन्यात उभी राहून म्हणालीस, "आई, एकदा काच काढू या का? मला फक्त वास घ्यायचाय." मी म्हटलं, नको, जुनं कापड आहे, हवा लागली की खराब होईल. तू विचारलंस, "ती माझी वस्तू आहे की तुझी?" मी म्हटलं, "ती या घराची आहे." तू भोपळ्याचं गोड तसंच ताटात ठेवून विमानतळावर गेलीस. तेव्हापासून तू इथे आलेली नाहीस, आणि त्याला तुझा काही दोष नाही. तुला वाटलं असणार की मला त्या दुसऱ्या बाईंचा मत्सर वाटतो. थोडा वाटतोही. पण कारण ते नव्हतं. तू काच काढली असतीस, नाक लावलं असतंस आणि पुन्हा घडी करून माझ्या हातात दिलं असतंस. ते मला दुसऱ्यांदा बघवलं नसतं.

आज सकाळी मी फ्रेम उतरवली. टाके उसवले. भिंतीवर चौकोनी फिकट डाग राहिलाय, तो राहू दे.

दुपटं या पत्रासोबत पाठवते आहे. वास नाही, ॲगी. मी चारी कोपरे बघितले, पट्ट्याही. जुन्या पुठ्ठ्याचा येतो थोडा, बाकी काही नाही. तू आशेने उघडशील म्हणून आधीच सांगते. धुतलेलं नाही, इस्त्रीही केलेली नाही. घडीसुद्धा घातलेली नाही, नुसतं गुंडाळलंय. घडी घालायची की नाही, ते तू ठरव.

एक विचारू का? तू त्यांच्याकडे आठ दिवस राहणार आहेस. ते दुपटं श्रीमती हानना वापरायला दे. खांद्यावर घेऊ देत, पायांवर घेऊ देत, अंगाखाली घेऊन निजू देत. स्वयंपाक करताना जवळच असू दे. रंग उडालेला बघून त्या विचारतील. कोणी धुतलं ते त्यांना सरळ सांग. मला सांभाळून घेऊ नकोस.

आणि निघताना ते पिशवीत घाल. पार्सलमध्ये तीन मोठ्या पिशव्या ठेवल्या आहेत. एक पुरेल, पण प्रवासात चिमटा सुटतो कधीकधी. बंद केल्यावर दोनदा तपास.

परत आल्यावर फोन करायलाच हवा असं नाही. केलास तर मी घरीच असते.

ते धुणारी,
तुझी आई