अक्षदाच्या धंद्याचं सामान

३ नोव्हेंबर

अक्षदाची खुर्ची आली! खुर्ची कसली, सिंहासन. पाठीला आधार, मानेला उशी, खाली चाकं. नात आंघोळीला गेल्यावर बसून पाहिलं. चाकं सरकली, मी कपाटावर आदळलो. कपाट ठीक आहे.

पोरीनं मुंबईची नोकरी सोडली. आता डिझाइनची कामं स्वतःच मिळवणार, घरून करणार. बदलापूरला आईबापांच्या दोन खोल्यांत टेबल मावत नाही, म्हणून कर्जतला माझ्याकडे. "तुमच्याकडे शांतता आहे, आबा." मी त्या शांततेला इतकी वर्षं वेगळंच नाव देत होतो! जानेवारीपर्यंत जम बसला नाही तर परत मुंबई. म्हणजे बसलाच पाहिजे.

५ नोव्हेंबर

मीही सामान आणलं. ड्रॉइंग बोर्ड, स्टीलची पट्टी, कंपासपेटी, काळी शाई, ब्रश. दुकानात शाईचं झाकण उघडलं आणि थेट सातवीच्या वर्गात — कवितेचा तास, सगळा वर्ग एका सुरात, गुरुजींचे डोळे मिटलेले... "काका, नातू कितवीला?" दुकानदारानं विचारलं. म्हणालो, नात आहे. सव्वीस वर्षांची. त्यानं शाई जरा लवकरच बांधून दिली.

अक्षदानं सगळं नीट हातात घेऊन पाहिलं. मग स्वतःचं दाखवलं. एक काळी पाटी — पेन चालवायचं पाटीवर, अक्षर उमटतं समोरच्या पडद्यावर! मी 'अ' काढला. बसलेला बेडूक. शिवाय मोठा स्क्रीन, विकत घेतलेले फॉन्ट, लाइट गेली तर इन्व्हर्टर. माझ्या कंपासपेटीत तिनं पेनड्राइव्ह ठेवले. दया आली असेल.

८ नोव्हेंबर

पहिलं काम! चौकला हायवेवर ढाबा चालवणारे कमालभाई, माझे जुने दोस्त. नवा बोर्ड आणि मेनूकार्ड. "पुढच्या शनिवारी नवा हॉल उघडतोय, आबाजी. तवर पायजे. आवडलं तर आमच्या राहीलच्या हॉटेलाचं कामबी तिलाच." राहील म्हणजे त्यांचा मुलगा.

मेनूसाठी मी रात्रीच ओळी जुळवल्या —

वाफ चहाची वर वर जाई,
घाटावरती ढग ती होई!

अक्षदा म्हणाली, "आबा, लोकांना भूक लागलेली असते."

खरं आहे. कवी नेहमी जेवून बसलेला असतो.

१० नोव्हेंबर

शेजारच्या इंदूबाई आल्या. "आबाजी, आमच्या कमळ्याचं लगीन ठरलं. हळदीची पत्रिका नातीला सांगा ना. घरचीच पोरगी हाय!"

घरचीच म्हटल्यावर माझी छाती फुगली. "करील की! बसल्या बसल्या करील."

संध्याकाळी गल्लीतला धाऊ. पुतण्याच्या वाढदिवसाचा बॅनर. "करील की!"

अक्षदानं ऐकलं. बिदागीचा विषय मीच काढू दिला नाही. घरच्यांकडून घेतात का!

१२ नोव्हेंबर

पत्रिकेवर सगळी भावकी. इंदूबाईंचे दीर तावातावानं आले. "मामा वर नि सख्खा चुलता खाली? हळदीला पाय टाकायचा नाय मी!" अक्षदानं चुलता वर घेतला. दुपारी मामा आले.

मी सगळ्यांना चहा देत होतो. चहा दिला की माणूस उठत नाही, हे मला या वयात समजतंय.

१३ नोव्हेंबर

धाऊ खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसला. "फोटो मोठा कर गं. आजून मोठा. भावी सरपंच हाय त्यो."

"मग शुभेच्छा कुठे लिहू, काका?"

"त्याच्या छातीवर लिव!"

मी हसलो. ती हसली नाही. कमालभाईंचा फोन टेबलावर वाजून वाजून बंद झाला.

१५ नोव्हेंबर

शनिवार. बोर्ड अर्धवट. कमालभाईंनी काम एका फ्लेक्सवाल्याला देऊन टाकलं.

अक्षदा ओरडली नाही. ओरडायला हवं होतं. "आबा, मला लोकांना नाही म्हणता येतं. पण तुम्ही आधीच हो म्हणून बसता."

१६ नोव्हेंबर

तिच्या जुन्या कंपनीचा फोन. ती अंगणात बोलत होती. ऐकू यावं म्हणून तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं. तुळस बुडाली. "विचार करून सांगते," एवढंच कानावर आलं.

१८ नोव्हेंबर

माफी मागायला चौकला गेलो. ढाब्यावर भला मोठा फ्लेक्स. मधोमध गोलात कमालभाई, हात जोडलेले, भोवती फुलं! मी रस्त्यावरच हात जोडले. आत पाहतो तर स्वतः गल्ल्यावर.

"बघताय काय, आबाजी? सकाळपासून तिसरं गिऱ्हाईक विचारतंय, चाचा कवा गेले? काल एकानं तर माझ्याच हातातनं पार्सल घेतलं नि म्हनाला, चांगला मानूस व्हता."

मला हसू आवरेना. तेही हसले. मग मी बोललो — चूक पोरीची नाही, माझी. सगळा गाव मीच तिच्या टेबलाशी आणून बसवला.

"मंग परत करू द्या तिला. पन तुमी चा घेऊन मधी जायचं नाय!"

२२ नोव्हेंबर

बोर्ड लागला! विटकरी रंग, पांढरी ठसठशीत अक्षरं, लांबून येणाऱ्या टेंपोवाल्यालाही वाचता येतील अशी. कमालभाई कुठेच नाहीत, फक्त नाव. राहीलचंही काम मिळालं. अक्षदानं कंपनीला नकार कळवला.

पोरगी राहिली! पेढे आणले. इंदूबाईंना देताना त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता बारशाचीबी पत्रिका —" लग्न अजून व्हायचंय! मी... "बघू" म्हणालो. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, खरंच.

अक्षदा दारातच उभी होती.

२५ नोव्हेंबर

तिनं शेलूला एक खोली बघितली आहे. "तिथे मला कुणी ओळखत नाही, आबा." रविवारी येत जाईन म्हणाली. मी म्हटलं, इन्व्हर्टर जड आहे, टेंपो मी सांगतो.

१ डिसेंबर

इंदूबाई आल्या. पोरगी कुठाय, पत्ता द्या. मी म्हटलं, नाही. मुंबईला गेली, नोकरी लागली, आता ही कामं करत नाही.

"आगं बया! मंग तुमी परत एकलंच?"

हो म्हणालो. एवढं मात्र खरं होतं.