सहलीचा मजकूर तयार आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
संकल्प. या महिन्यात सहकुटुंब सहल. २७ ते ३०. एक दिवस खेडं, दोन दिवस समुद्र, एक दिवस शहर. शेत, वाळू आणि लिफ्ट, तिन्ही एका खेपेत. इतका समतोल बेत या घरात आजवर कोणी केलेला नाही. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी आराखडा, मग घोषणा.

कारण (खासगी): हिला प्रयोगशाळेतून पत्र आलंय. बंदराच्या शहरात बढतीवर बदली. तिथल्या पाणी-तपासणीची प्रमुख. होय की नाही ते ३१ तारखेपर्यंत कळवायचं. हे हिने मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी नकाशा बघत होतो, पण कान उघडे होते. ही नाही म्हणणारच. अठरा वर्षांचा संसार, माझी आई, कन्येची शाळा, शिवाय मी. फक्त नकाराला शोभेलसं वातावरण हवं. ते समुद्र पुरवतो.

४ मार्च, मंगळवार
जेवताना घोषणा. कन्येने (वय पंधरा) विचारलं, बाबा, तिथे रेंज असते ना? आई म्हणाली, मला वाळूत चालवत नाही, मी गाडीत बसेन, पण खेड्यात जायच्या आधी संडास कसा आहे ते विचारून घे, मागच्या वेळी तू फक्त सूर्योदयाची चौकशी केली होतीस.

हिने विचारलं, शहर म्हणजे कुठलं? म्हटलं, बंदराचंच. वाटेत पडतं. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, अहो, तुम्हाला काय वाटतं, मी काय करावं?
म्हटलं, स्वेटर घे. किनाऱ्यावर वारा असतो.
ही ताटं उचलून आत गेली. काही बोलली नाही. मौनं संमतिलक्षणम्.

६ मार्च, गुरुवार
खेड्यातलं घर ठरवलं. शेतमालकाशी फोनवर बोललो. भला माणूस. म्हणाला, शांतता भरपूर आहे. किती, असं विचारल्यावर म्हणाला, मागचे पाहुणे तीन दिवसांसाठी आले होते, पहिल्याच संध्याकाळी निघून गेले. संडास विचारायचा राहिला.

किनाऱ्यावरचा खोलीवाला त्याहून भला. म्हणाला, या, पण पाण्यात उतरू नका. का, म्हटलं. म्हणाला, आल्यावर दिसेलच. खोली पक्की केली. निसर्गात थोडं गूढ हवंच.

९ मार्च, रविवार. दुपारी
आज एका बैठकीत सहलीचं प्रवासवर्णन पूर्ण केलं. बाराशे शब्द. पुरवणीला पाठवूनही दिलं.

सहल व्हायची आहे, हा आक्षेप बालिश आहे. तेवीस वर्षं वार्ताहरकी करतोय. समारंभाचा वृत्तान्त समारंभाच्या आदल्या दिवशीच लिहावा लागतो. वक्ते काय बोलणार ते त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक असतं, आणि टाळ्यांचा कडकडाट कुठे घालायचा हेही. एकदा एका पुलाचं उद्घाटन ऐन वेळी रद्द झालं, तरी माझी बातमी आली. एकाही वाचकाने तक्रार केली नाही. पूल अजून व्हायचा आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याने भाषा बिघडते, असं माझं मत होत चाललंय.

तिसऱ्या दिवसाचा उतारा विशेष उतरलाय. इथे नकलून ठेवतो: “सूर्यबिंब जळाला टेकले. सहधर्मचारिणीने ओंजळीत पाणी घेतले, आणि बढतीचा मोह सागराला अर्पण करून ती म्हणाली, मला माझं घर पुरेसं आहे. मी काहीच बोललो नाही. बोलण्याची गरजच नव्हती.”

वाचताना डोळे पाणावले. कोणाला दाखवलं नाही. तिला तिथेच सुचू दे.

१२ मार्च, बुधवार
ही फीत घेऊन कपाट मोजत होती. उंची, रुंदी, खोली. घर आवरायचं मनात दिसतंय. चांगलं लक्षण. मी फितीचं एक टोक धरलं. कपाट कशाला मोजतेस, हे विचारलं नाही. संसारात काही प्रश्न न विचारण्यातच माधुर्य असतं.

१४ मार्च, शुक्रवार
खोलीत शिरलो तर मायलेकी बोलायच्या थांबल्या. टेबलावर कसल्याशा शाळेचं माहितीपत्रक. माझ्या वाढदिवसाचा गुप्त बेत असावा. वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे. किती आधीपासून तयारी!

कन्येने जाता जाता विचारलं, बाबा, तू आईशी बोललास का? म्हटलं, रोज बोलतो. ती म्हणाली, तसं नाही रे. म्हटलं, मग कसं? ती म्हणाली, जाऊ दे, तू नकाशा बघ.
नकाशा बघितला.

१७ मार्च, सोमवार
घरात एक प्रकारची शांतता आहे. भांडीसुद्धा हळू वाजतात. आईने विचारलं, माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पुढच्या महिन्यात कोण नेणार? म्हटलं, सूनबाई नेते ना नेहमी. आई म्हणाली, हो, नेहमी. आणि पोथी मिटून बसली.

संकल्प: सहलीत कोणी उदास दिसता कामा नये. गाडीत म्हणायच्या गाण्यांची यादी करणे.

२१ मार्च, शुक्रवार
कन्येची परीक्षा संपली. गाडी ठरली. चालकाने विचारलं, माणसं किती, सामान किती? म्हटलं, माणसं चार, सामान माफक. हिने हातातून फोन घेतला आणि मोठी गाडी किती मोठी असते, याची चौकशी केली. दूरदृष्टी! शंखशिंपले आणायला जागा लागेल.

२३ मार्च, रविवार. सकाळी ७.३०
पुरवणी उघडली. पान चार. शीर्षक माझं, नाव माझं. सहल छापून आली आहे.
सहल गुरुवारी आहे.

सकाळी ८.००
पुरवणीवाल्याला फोन. म्हटलं, अरे गृहस्था, हे काय केलंस? तो म्हणाला, साहेब, एक जाहिरात गळली, अर्धं पान रिकामं पडलं, तुमचा मजकूर तयार होता. म्हटलं, पण मी अजून गेलोच नाही! तो म्हणाला, सगळं भूतकाळात लिहिलंय, गेलो, पाहिलं, गहिवरलो. तुम्ही गेला नव्हतात हे मला कसं कळावं? गाईचं वासरूसुद्धा चाटून गेलंय तुम्हाला.
फोन ठेवला. वासराचा तपशील फारच सजीव उतरला होता.

सकाळी ९.१५
शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक जिन्यात भेटले. म्हणाले, छान झाली म्हणायची सहल. गेलात कधी, आलात कधी, कळलंसुद्धा नाही. म्हटलं, धावती होती.

ही पान चार वाचत होती. शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं. तिच्या कामाची ती शिस्तच आहे, पाण्याचा प्रत्येक नमुना दोनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. घडी घालून अंक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, आमच्याकडे नमुना यायच्या आधी अहवाल लिहीत नाहीत.
एवढंच. ना आवाज चढला, ना दार आपटलं. मला वाटतं, तिला आवडलाय.

२४ मार्च, सोमवार. सायंकाळी
प्रयोगशाळेत हा मजकूर फलकावर लावला होता म्हणे. खाली कोणीतरी लिहिलं, “त्यागमूर्ती.” हिच्या साहेबांनीही वाचला. सज्जन मनुष्य. बाईंचा नकार वर्तमानपत्रातून कळला, आता अंत पाहायचा कशाला, म्हणून त्यांनी अकराच्या सुमारास मुख्य कार्यालयाला कळवून टाकलं की पुढचं नाव घ्या. हिला बारा वाजता कळलं. एकच्या आत ही साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मी अजून काहीही म्हटलेलं नाही, आता म्हणते. होकारावर सही केली. एक तारखेला रुजू.

हे सगळं हिने बूट काढता काढता सांगितलं. वार्ताहर म्हणून कौतुक वाटलं. पाच वाक्यांत संपूर्ण वृत्तान्त, एकही विशेषण नाही.
म्हटलं, रागाच्या भरात निर्णय घेऊ नये. ही म्हणाली, राग काल होता.

२५ मार्च, मंगळवार
आईने स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. म्हणाली, तू म्हणजे ना, मुलगी बघायच्या आधी लग्नाची पत्रिका छापणारा माणूस आहेस. मग आवाज उतरवून म्हणाली, अरे, तिने दोन्ही कागद लिहून ठेवले होते. होयचा आणि नाहीचा. मी पाहिलेत माझ्या या असल्या डोळ्यांनी. नाहीचा वर होता. तू एकदा विचारशील म्हणून थांबली होती. तुला काय हवंय, एवढंच विचारायचं होतंस रे. तू तिला स्वेटर घे म्हणालास.

म्हणजे ही नकारच देणार होती! माझा मजकूर तत्त्वतः बिनचूक होता. केवळ प्रसिद्धीच्या तारखेत आठवडाभराचा फरक पडला. हे आईला समजावून सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. डोकं दुखत असावं.

२६ मार्च, बुधवार
बांधाबांध. गाडीऐवजी टेम्पो येणार आहे. आईची बॅगही दारात दिसली. म्हटलं, आई, चार दिवसांना एवढी मोठी बॅग? ती म्हणाली, माझे डोळे दाखवणारी तिकडे चाललीय, मी इथे राहून काय, तुझं छापलेलं वाचू?

परिस्थितीचा आढावा: खेडं, किनारा, शहर, तिन्ही रस्त्यात आहेतच. तारखा त्याच. माणसं चार. मूळ आराखडा अबाधित आहे. सहल होतेय. फक्त सामान जास्त.

२७ मार्च, गुरुवार. रात्री ८.००
खेडं: ठरलेल्या शेताच्या फाटकाशी टेम्पो पाच मिनिटं थांबला. मी उतरून मालकाला भेटून आलो, येणं जमत नाही असं सांगितलं. तो म्हणाला, कोणालाच जमत नाही. वासरू नव्हतं.

किनारा: कपाटाच्या भाराने टेम्पो वाळूकडे उतरेना. पेट्रोल भरताना समुद्र दिसला. लांबवर, करडा. किनाऱ्यावर एकही माणूस नव्हतं, फक्त लाल निशाण. कन्या म्हणाली, बाबा, हाच का तो, मोह अर्पण करायचा? चालक हसला. ही हसली नाही.

गाण्यांची यादी खिशातच राहिली.

शहर: तिसरा मजला. लिफ्ट बंद.

२९ मार्च, शनिवार
कपाट भिंतीत असं बसलं, की जणू मोजूनच भिंत बांधली होती. मोजूनच घेतलं होतं. झोपायच्या खोल्या दोन. एक मायलेकींची, एक आईची. माझी गादी बाहेरच्या खोलीत, मधोमध. हवेशीर आहे. सकाळी चहा करायला उठलो, साखर सापडेना. कन्या आली आणि म्हणाली, बाबा, तू बस ना, मी देते. आणि कपबशी हातात दिली. घरात आम्ही चहाला मोठे मग वापरतो. कपबशा पाहुण्यांसाठी असतात.

इथेही वर्तमानपत्रं आहेत. इथेही समारंभ होत असतीलच. म्हणजे मी बदली मागू शकतो. मागणार आहेच. फक्त हिने म्हटलं पाहिजे, तुम्हीही या ना. वाक्य तिच्या ओठांवर आहे, मला दिसतंय. त्यावर मी काय बोलायचं तेही योजून ठेवलंय: आधी क्षणभर गप्प, मग एक निःश्वास, मग, तू म्हणतेस तर.

३० मार्च, रविवार. दुपारी २.००, बसमध्ये
ही स्थानकावर सोडायला आली. बस सुटायला चाळीस मिनिटं होती. आम्ही बाकावर बसलो. क्षणभर गप्प राहायची तयारी होती, चाळीस मिनिटं गप्प राहिलो. मधेच हिने विचारलं, पाण्याची बाटली घेतलीत? म्हटलं, घेतली. मग ती काहीतरी बोलणार असं वाटलं. तिलाही मी काहीतरी बोलणार असं वाटलं असावं, कारण ती पूर्ण वळून बसली होती. मी घड्याळ बघितलं.

वाहकाने घंटी दिली. ही म्हणाली, पोचलात की कळवा.
वाक्य हे नव्हतं. पण हेही काही वाईट नाही.

दुपारी ४.२०
बस वेळेवर चालली आहे. सव्वासातला पोचेन. घरी गेल्यावर दार उघडा, दिवे लावा, या गडबडीत कळवायचं राहून जायचं. तिला उगाच काळजी. म्हणून आत्ताच संदेश पाठवून टाकला: “सुखरूप पोचलो. घर छान आहे. जेवलो.”
उत्तर आलं: “बरं.”

सायंकाळी ६.४०
बस बंद पडली आहे. दोन्ही बाजूंना शेतं. चालकाने पुढचं झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. वाहक म्हणाला, दुसरी गाडी येईल. कधी, असं विचारल्यावर दुसरीकडे बघू लागला. बरेचसे प्रवासी मागून येणाऱ्या वाहनांना हात करून निघून गेले. आम्ही सहा जण उरलोत. अंधार पडायला लागलाय, आणि कुठेतरी कुत्री एकसारखी ओरडताहेत.

बाकीचे पाचजण आपापल्या घरी फोन करून सांगताहेत, गाडी बिघडली, उशीर होईल, काळजी करू नका. पुढच्या बाकावरच्या बाई मघापासून तिघांशी बोलल्या. आता वळून मला म्हणाल्या, काका, तुम्ही नाही का कोणाला कळवत?
म्हटलं, मी पोचलोय.