नाव ज्याचं, डबा त्याच्याबरोबर

जॅस्पर, इंडियाना
१९ ऑगस्ट २०१९

चि. व्हेरेना हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे मी, लाकडाची गिरणी आणि माझी पाठ, तिघंही चालतो आहोत.

तुझ्या कानाचं वाचलं आणि भर कामातून उठून घरी आलो. डॉक्टर म्हणाले की उजवा गेला, डावा सांभाळा, यापुढे बंदुकीचा एकही उघडा बार नको. आणि तू लिहितेस की ऑक्टोबरात एल्क हरणांच्या शिकारीला जायचंच, कारण त्या नराची शीळ ऐकल्याशिवाय तुझं वर्ष सरत नाही. कानाला झाकणं लावलीस तर शीळ ऐकू येणार नाही. न लावलीस तर ती शेवटची. जन्मभर ओंडक्यावर टिचकी मारून आतली कीड ओळखण्यावर ज्याचं पोट चाललं, त्याला हा पेच समजावून सांगायला नको.

उपाय माझ्या कपाटात आहे. माझ्या रायफलीचा सायलेन्सर, ज्याला आम्ही इकडे नुसता डबा म्हणतो. सिनेमात दाखवतात तसा तो बार गिळून टाकत नाही, पण थपडेची टाळी करतो, आणि तुझ्या कानाला तेवढं पुरे. तुझ्या नावाने नवा घ्यायचा तर सरकारी मंजुरी येईतो हा हंगाम निघून जाईल. म्हणून माझाच धाडतो. शेजारचा एल्डन ट्रक घेऊन तुमच्या बाजूला निघालाय, तो आणून देईल. हत्यार राज्याबाहेर न्यायच्या परवानगीचा फॉर्म मी भरून पाठवलाय. तो मंजूर होऊन आला की डबा निघालाच समज. तोवर गावच्या बंदूकवाल्याकडून तुझ्या रायफलीच्या नळीच्या टोकाला डबा बसेल असे आटे पाडून घे.

लोभ आहेच, त्याला उत्तराचं खतपाणी घाल. आणि एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहू नकोस. बहिरी तू झालीस, मी नाही.

तुझा,
लायनस

लँडर, वायोमिंग
२८ ऑगस्ट

ती. दादास,
व्हेरेनाचा सा. न. अक्षरं मुद्दाम आणखी मोठी काढली आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा थोरा गिलख्रिस्ट माझ्याकडे पीचचा केक खायला बसली होती. ती शिकार खात्यातून निवृत्त झाली, पण खातं तिच्यातून निवृत्त झालेलं नाही. पत्र वाचून तिने काटा खाली ठेवला आणि विचारलं की तुझ्या भावाचं त्या शेजाऱ्याशी काही वैर आहे का. मी म्हटलं, छे, एकाच चर्चमधले आहेत. मग ती म्हणाली की तुरुंगात पाठवायला दुसरा कोणी शोधा म्हणावं. डबा सरकारदरबारी तुझ्या नावावर आहे. तू बरोबर नसताना एल्डन तो घेऊन निघाला तर गुन्हा त्याचाही आणि तुझाही. कागदावर नाव ज्याचं, डबा त्याच्याबरोबर. तू शेजारी बसलेला असलास तर मी तो खुशाल वापरावा, त्याला कोणाची ना नाही.

दुसरं म्हणजे, ज्या फॉर्मची तू वाट बघतोयस तो आखूड नळीच्या रायफली आणि मशीनगनसारख्या वस्तूंसाठी असतो. नुसत्या डब्याला तो लागतच नाही. लागतं ते एवढंच, की शिक्क्याचा मंजुरीकागद जवळ हवा आणि वाटेतल्या प्रत्येक राज्यात डबा चालत असला पाहिजे. आमच्याकडे चालतो. तुझ्या शेजारच्या इलिनॉयमध्ये मुळीच चालत नाही. तिथे चाकसुद्धा लावू नकोस, असं थोराने दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा माझ्या डाव्या कानाशी येऊन.

आता याचा अर्थ तुझ्या लक्षात आलाच असेल. तुलाच यावं लागणार. माझ्या लग्नाला तू आला नाहीस, गिरणीतल्या करवतीचं पातं मोडलं होतं. माझा नवरा वॉल्ट गेला तेव्हाही मोडलं होतं. इतकी पाती मोडणारी गिरणी अजून उभी कशी, हे मला कोडं आहे.

डबा नसेल तर मी उघड्या बंदुकीने जाईन. धमकी देत नाही, कळवते आहे.

लोभ करायचाच असेल तर जवळ येऊन कर.

तुझी,
व्हेरेना

जॅस्पर
९ सप्टेंबर

चि. व्हेरेना हिस,
अ. आ. थोराबाईंनाही माझा नमस्कार सांग, जरा घाबरतच.

फॉर्म पाठवला होता त्या कचेरीत मी फोन केला. पलीकडच्या बाईंचा आवाज साठीचा, गोड, मधाचं बोट लावलेला. मी माझी सगळी कहाणी सांगितली. त्या म्हणाल्या, साहेब, डब्यासाठी आमची परवानगी लागत नाही. मी म्हटलं, बाई, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हटलं की तसं लेखी द्या. तेव्हा त्या हसल्या, आणि म्हणाल्या की परवानगी लागत नाही याची परवानगी मागणारे तुम्ही पहिले नाही.

फोन ठेवला आणि तो शिक्क्याचा कागद टेबलावर घेऊन बसलो. किती वर्षं फडताळात पडून होता, कधी नीट पाहिलाच नव्हता. हातभरही नसलेली एक लोखंडी नळी, पण तिला नाव आहे, नंबर आहे, आणि एवढ्या थोरल्या देशाने ठरवलंय की ती एका लायनस बेट्झबरोबरच राहील. व्हेरी, आपला बाप्तिस्म्याचा कागदसुद्धा इतका ठाम बोलत नाही.

आणि पात्यांचं म्हणशील तर, पाती मोडली नव्हती. तुझ्या फोटोतले ते डोंगर पाहिले की मी फोटो पालथा घालून ठेवतो. आमचं आकाश झाडांच्या मापाचं. त्याहून मोठं मला पेलवत नाही. पण तू उघड्या बंदुकीने जाणार हे मला फोटोंपेक्षा भयंकर वाटतं.

नकाशा काढलाय. इलिनॉय आमच्या उंबऱ्यावर कुत्र्यासारखं आडवं पसरलंय. पन्नास वर्षं त्याला ओलांडत आलो, कधी दिसलंसुद्धा नव्हतं. तेव्हा खाली केंटकीत उतरतो. केंटकी आणि मिसूरी यांच्या मधे मिसिसिपी आहे, आणि त्या दोघांमध्ये एकही पूल नाही, फक्त गाड्या पलीकडे नेणारा एक तराफा. बघू.

कासवाच्या सुपाचे डबे आणतो. त्यांना कागद लागत नाही, विचारून घेतलं.

लोभ गाडीत भरून आणतोय, जागा करून ठेव.

लायनस

डोरेना, मिसूरी
२५ सप्टेंबर

व्हेरी,
आशीर्वाद घाईघाईने. पोचलो पलीकडे.

वारा होता म्हणून तराफा बराच वेळ सुटला नाही. त्यावरच्या माणसाने गाडीत डोकावून विचारलं की इलिनॉयला वळसा ना? मी विचारलं कसं ओळखलंत. तो म्हणाला की हंगाम जवळ आला की शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या इकडून जायला लागतात.

मग मधोमध आल्यावर मी गाडीतून उतरलो. दोन्ही काठ दूर गेले होते. मला वाटलं होतं की एवढं पाणी गर्जना करत असेल. ते गप्प होतं, व्हेरी. सबंध देशाचं पाणी पायाखालून चाललंय आणि आवाज फक्त लोखंडाच्या कुरकुरीचा. मी टोपी काढली. त्या माणसाने पाहिलं आणि आपलं काम करत राहिला. त्याला सवय असावी.

आकाशाची भीती आहेच. पण येतोय.

लायनस

लँडर
१६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. तू सुखरूप पोचल्याचं कळलं. एल्कचं मांस गिरणीत सगळ्यांना वाटलंस, आणि शिकार जणू तूच केलीस असा चेहरा केलास, असं एल्डनच्या बायकोने कळवलंय.

तू इथे होतास तेव्हा एक गोष्ट बोलले नाही. ती लिहायलाच हवी.

त्या सकाळी पलीकडच्या उतारावर नराने शीळ घातली. बारीक सुरू होऊन वर चढत जाणारी, मग तुटून खाली घरंगळणारी. मला ऐकू आली, तेव्हा तुला मूठ वर करून खुणेने सांगितलं. तू मान हलवलीस, पण बघत होतास आकाशाकडेच. मग मी बार काढला. टाळी. नर जागच्या जागी बसल्यासारखा खाली गेला. कळपातल्या माद्यांनी नुसत्या माना वर केल्या. आणि लांबच्या दरीतून दुसऱ्या नराने उत्तर दिलं! बारानंतर, दादा. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक बारानंतर कानात फक्त घंटा वाजत राहायची. बार झाल्यावर हे डोंगर काय करतात ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

मी डावा कान दरीकडे केला होता, म्हणजे चेहरा तुझ्याकडून फिरवलेला. तुला वाटलं की तुझ्या बाजूचा कान मेलेला, हिला काही कळायचं नाही. पण एवढी शांतता होती की डाव्या कानालाही तू ऐकू आलास. आई जेवणाआधी जर्मनमध्ये म्हणायची ती प्रार्थना तू म्हणत होतास. मधली ओळ विसरलास आणि पहिल्यापासून सुरुवात केलीस. मी मान वळवली नाही. वळवली असती तर तू थांबला असतास.

डबा तू परत घेऊन गेलास, तेही तराफ्यावरूनच, हे कायद्याला धरून झालं. पण जाताना स्वयंपाकघरात माझ्या नावाचा अर्ज भरून ठेवून गेलास, फक्त सहीपुरता मोकळा. म्हणजे पुढच्या हंगामाला माझा स्वतःचा डबा असावा आणि मी कोणावर अवलंबून राहू नये. किती नीट भरला होतास! एक खाडाखोड नाही. थोरासुद्धा म्हणाली की असा अर्ज परत येणं शक्य नाही.

काल पहिला बर्फ पडला. चूल पेटवायला मी तोच अर्ज घेतला.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि डबा तुझ्याच नावावर.

तुझी,
व्हेरेना